तारण कोणाकडे? मराठी ख्रिस्ती साहित्य आणि गावकुसाबाहेरची आशा

मराठी समीक्षेने ख्रिस्ती साहित्याचा विचार आजवर दोन कप्प्यांत केला. पहिला कप्पा भाषाभिमानाचा. फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये छापले गेलेले 'ख्रिस्तपुराण' ओवीत रचले, म्हणून तो आपला. दुसरा कप्पा धर्मांतरित अभिजनाच्या मनोव्यथेचा. रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई, पंडिता रमाबाई यांनी घर सोडले, नाती तोडली, समाजाचा छळ सोसला, म्हणून ते थोर. हे सारे खरे आहे आणि त्यांच्या थोरवीला मी हात लावू इच्छीत नाही. पण या दोन्ही कप्प्यांत एका माणसाला जागा नाही. महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून येशूकडे गेलेला तो माणूस. नगर, जालना, सोलापूर या भागांत चर्चमधल्या बाकांवर बहुसंख्येने तोच बसला. वाङ्मयात मात्र त्याच्या वतीने दुसरेच बोलले. त्याने आपली आशा तिथे का ठेवली आणि त्या आशेचे पुढे काय झाले, हा प्रश्न प्रस्थापित समीक्षेला पडला नाही याचे नवल नाही. दलित समीक्षेलाही तो पुरेसा पडलेला नाही, याचे मात्र नवल वाटले पाहिजे.

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याच्या दाराशी एकदा येऊन उभा राहिला होता. १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत उस्मानाबाद येथे (आताचे धाराशिव) ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. संमेलनाध्यक्ष झालेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्यांच्या निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या. विरोधकांना त्यांचा झगा दिसला. समर्थकांनी वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी त्यांनी दिलेला लढा, 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेले 'सुबोध बायबल' यांची आठवण करून दिली. समर्थकांची बाजू न्यायाची होती आणि परिवर्तनवादी म्हणवणाऱ्या कोणालाही त्याच बाजूने उभे राहणे प्राप्त होते. परंतु त्या सगळ्या वादात, ज्या मराठवाड्याच्या मातीवर संमेलन भरले त्या मातीतल्या ख्रिस्ती माणसाचा उल्लेख माझ्या तरी ऐकण्यात आला नाही. वसईचा कॅथलिक समाज बागायतीचा, विहिरीचा, स्वतःच्या गावात स्वतःचे चर्च असलेला. मराठवाड्यातला ख्रिस्ती हा बहुतेक करून भूमिहीन, गावकुसाबाहेरचा. दोघांचा प्रभू एक; दोघांच्या पायाखालची जमीन एक नाही. ख्रिस्ती मराठी साहित्य ही एकच एक वस्तू समजून तिची चर्चा करणे किती फसवे आहे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

एका शब्दाचे दोन अर्थ

मराठी ख्रिस्ती भाषेतला सर्वांत महत्त्वाचा शब्द 'तारण' हा आहे. पापापासून तारण, प्रभू हा तारणारा. प्रोटेस्टंट मिशनांच्या पत्रकांपासून आजच्या प्रार्थनासभेपर्यंत हा शब्द सतत कानी पडतो. परंतु परंडा तालुक्यात, आणि अवघ्या मराठवाड्यात, 'तारण' या शब्दाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ वेगळा आहे. सावकाराकडे डोरले तारण ठेवतात. सोसायटीच्या कर्जाला जमीन तारण देतात. मी हा शब्द प्रथम शिकलो तो याच अर्थाने. घरातला पहिला पदवीधर होण्यासाठी जी फी भरावी लागली तिच्यापायी आईच्या अंगावरची चांदी बार्शीच्या पेढीवर तारण गेली होती. ज्याच्याजवळ तारण ठेवायला काहीच नसते तो दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतो आणि नवरा-बायकोचे हातपाय सहा महिन्यांसाठी कारखान्याच्या फडात गहाण टाकतो. कोयत्याची जोडी म्हणजे दुसरे काय?

म्हणून 'येशू तुझे तारण आहे' हे वाक्य पेशवाईतल्या शास्त्र्याच्या वंशजाने ऐकणे आणि मांगवाड्यातल्या बाईने ऐकणे यांत अंतर पडते. पहिल्याला ते आत्म्याविषयीचे विधान वाटते. दुसरीला ते, तुझ्या वतीने कोणीतरी जामीन राहिला आहे, असे ऐकू येते. तिच्या आयुष्यात तिच्यासाठी जामीन राहणारा दुसरा कोणी भेटलेला नसतो. या अर्थभेदाकडे आमच्या समीक्षेचे लक्ष नाही. म्हणून दलितांच्या ख्रिस्तीकरणाची चर्चा 'पोटासाठी बाटले' या एका तुच्छतेच्या शेऱ्यावर येऊन थांबते.

पहिली आशा कशाची होती?

तो शेरा आधी तपासू. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातल्या, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला तो अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदया'त. वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कोणता, हा त्या निबंधाचा गाभ्याचा सवाल होता. ती मुलगी ख्रिस्ती नव्हती. तिला स्वर्ग नको होता, तिला शाळा हवी होती. पण तिच्या शब्दाला छापखाना मिळाला तो मिशनऱ्यांचा. गावकुसाबाहेरची आशा आणि मिशन यांची भेट या जागी झाली, हे विसरता येणार नाही.

पुढे जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत उभी केली. शेषाद्री जन्माने ब्राह्मण, १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले. जमीन मिळाली निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून. वसाहतीत राहायला आले ते प्रामुख्याने महार-मांग. या घटनेचा अर्थ काय? ज्यांना गावाच्या विहिरीवर मनाई होती, त्यांना स्वतःचे गाव मिळण्याची शक्यता दिसली. १८७६-७८ आणि नंतर १८९६ ते १९०० या दुष्काळांच्या काळात मिशनांकडे लोकांचा ओघ वाढला. तो भाकरीसाठीही वाढला, यात लपवण्यासारखे काय आहे? प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीची मागणी आहेच. ज्याच्या ताटात कायम भाकरी होती त्यानेच भाकरीसाठी केलेल्या धर्मांतराला नावे ठेवली. भाकरी, विहीर, शाळा, दवाखाना आणि 'अहो' असे संबोधन, ही आमच्या पूर्वजांची पहिली आशा होती. ती पूर्णपणे या पृथ्वीवरची होती.

वाङ्मयात ती का उतरली नाही?

आता साहित्याकडे वळू. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतात आणि वारकरी अभंगाची चाल ख्रिस्तभक्तीला देतात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. काव्य म्हणून 'अभंगांजली'चे मोल आहेच. पण दलित वाचकाने त्या पुलाकडे जरा निरखून पाहावे. त्याच पुलाच्या अलीकडच्या टोकाला चोखोबा उभा आहे. त्याची समाधी पायरीशी. मंदिर सर्वांना खुले व्हायला साने गुरुजींचे उपोषण आणि १९४७ साल उजाडावे लागले. चोखोबाने विठ्ठलावर आशा ठेवली आणि तिच्या बदल्यात त्याला पायरी मिळाली. मग पुलाच्या पलीकडे, ख्रिस्ताच्या दारात, त्याच्या वारसांना काय मिळाले, हे टिळकांच्या कवितेतून कळत नाही. तिथे दुःख आहे ते जीव आणि देव यांच्यातल्या अंतराचे. जीव आणि गावची विहीर यांच्यातल्या अंतराचे ते नाही. टिळकांच्या मनात खोट होती असे मला म्हणायचे नाही. त्यांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या साऱ्यांसाठी. मुद्दा जाणिवेचा आहे. जे दुःख अंगावर आले नाही ते शब्दांत येत नाही.

लक्ष्मीबाईंची गोष्ट वेगळी. 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक टिळकांच्या कवितेपेक्षा मला अधिक जवळचे वाटते, कारण तिथे जात ही स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यात, शिवाशिवीत दिसते. सोवळ्यात वाढलेली बाई ते सोवळे कशी टाकते याचा इतका प्रांजळ वृत्तांत मराठीत क्वचितच असेल. तरीही तो सोवळे टाकणाऱ्याचा वृत्तांत आहे. ज्याच्या सावलीसाठी ते सोवळे पाळले गेले तो त्या घरात वावरतो, जेवतो, आश्रय घेतो. पण स्वतःच्या मनाने बोलत नाही. तो दयेचा विषय होतो, कर्ता होत नाही.

रमाबाईंचे योगदान मी या दृष्टीने सर्वांत मोठे मानतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या, टाकलेल्या बायका-मुलींनी छापखाना चालवला आणि हिब्रू-ग्रीक शिकून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबल त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, बाहेर पडले. संस्कृतात वादविवाद करणाऱ्या पंडितेने अडाणी समजल्या गेलेल्या बाईसाठी भाषा खाली उतरवली. दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल' त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल आहे. परंतु भाषा सोपी करणे ही अर्धी गोष्ट झाली. ती कोणाच्या जगण्याशी जोडून वाचायची, ही उरलेली अर्धी. ती अर्धी गोष्ट अजून व्हायची आहे.

बाबासाहेबांचा आक्षेप

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माकडे पाठ फिरवली ती न वाचता नव्हे. १९३८ च्या प्रारंभी सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनीच आपले मन ओढून घेतल्याचे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात दक्षिणेतल्या चर्चमधला जातिभेद आणि ख्रिस्ती समाजाची राजकीय उदासीनता यांवर त्यांनी बोटही ठेवले. त्यांच्या निधनानंतर शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखनसंग्रहाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिश्चनाच्या स्थितीवरचे प्रकरण आहे. त्यातला युक्तिवाद प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावा असा आहे. थोडक्यात तो असा: अस्पृश्याच्या अधोगतीचे कारण सभोवतालची समाजव्यवस्था हे होते, धर्मांतरानंतर त्याला सांगण्यात आले की कारण तुझे पाप हे आहे. मग व्यवस्थेवर हल्ला करण्याचे प्रयोजनच संपले. माणूस स्वतःच्या अंतःकरणाशी भांडत बसला.

हा आक्षेप मला मान्य आहे. मी बुद्धाच्या वाटेवरचा माणूस आहे आणि 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथातला मार्गदाता आणि मोक्षदाता हा भेद मला निर्णायक वाटतो. बुद्ध तारण देत नाही, वाट दाखवतो. चालावे तुम्हालाच लागते. जो तारण देतो त्याच्याकडे कायम काहीतरी गहाण पडून राहते. बहुधा माणसाची कर्तेपणाची जाणीवच.

पण इथे थांबणारा समीक्षक अर्धेच काम करतो. तेच बायबल अमेरिकेत गुलामांच्या मालकाने वाचले आणि गुलामानेही वाचले. मालकाने त्यात आज्ञाधारकपणा वाचला. गुलामाने मिसर देशातून बाहेर पडलेल्या गुलामांची कथा वाचली. १९५५ मध्ये माँटगोमरीला बसवरचा बहिष्कार सुरू झाला तो ३८१ दिवस टिकला, आणि त्याच्या सभा भरत होत्या त्या काळ्यांच्या चर्चमध्ये. १९७२ मध्ये आमच्या दलित पँथरने नाव घेतले ते त्याच काळ्या लढ्याच्या दुसऱ्या, अधिक आक्रमक धारेकडून. जर्मनीत महायुद्धाच्या कैदेत ख्रिस्ताकडे वळलेल्या युर्गेन मोल्टमानने १९६४ मध्ये आशेचे धर्मशास्त्र लिहिले. ख्रिस्ती आशा जे आहे त्याच्याशी तडजोड करू देत नाही, असे त्याचे प्रतिपादन. आपल्याकडे महाराष्ट्रातल्याच अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरला शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली, पुढे मद्रासला दलित धर्मशास्त्राला पाया घातला आणि ख्रिस्त स्वतःच दलित आहे असे ठामपणे म्हटले.

म्हणजे ग्रंथ निकाल देत नाही, वाचणारा देतो. मात्र एक गोष्ट मला बोचते. निर्मल यांनी ही क्रांतिकारक मांडणी इंग्रजीत केली आणि ती गाजली ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयांत. ज्या मराठी वाड्यावस्तीसाठी ती होती तिथे मराठी प्रवचनातून अजून पाप आणि क्षमा एवढेच ऐकू येते.

दाखला आणि देव

आमच्या परंड्यात हंसराज स्वामींचा मठ आहे, ख्वाजा बद्रुद्दीनांचा दर्गा आहे, जवळ सोनारीला भैरवनाथ आहे. आशा ठेवायला जागा कमी नाहीत. या जागांच्या बरोबरीने गेल्या काही वर्षांत पत्र्याच्या खोलीत भरणारी रविवारची प्रार्थना आली आहे. तिथे जाणाऱ्या बायकांना मी ओळखतो. नवऱ्याची दारू, मुलीचा आजार, मुकादमाची फिटत नसलेली उचल, हे विषय तिथे मोठ्याने, देवाला उद्देशून, चारचौघांत बोलले जातात. अंगात आल्याशिवाय बाईला चारचौघांत बोलू देणारी दुसरी जागा त्या गल्लीत नाही. त्यांची ती आशा मी हसण्यावारी नेणार नाही. आजार प्रार्थनेने बरा होतो असे सांगून डॉक्टरपासून दूर ठेवणाऱ्यांना मात्र विरोध केलाच पाहिजे. तो भोंदूपणा मरीआईच्या नावाने असो की येशूच्या.

पण त्याच बाईच्या पेटीत लेकीचा जातीचा दाखला असतो. त्यावर 'हिंदू मांग' असते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. बाईची एक आशा प्रभूजवळ आहे, दुसरी तहसील कचेरीत. आणि पहिली उघड झाली तर दुसरी जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मनात श्रद्धा नसता केवळ आरक्षणासाठी धर्म बदलल्याचे सांगणे ही राज्यघटनेशी लबाडी ठरते, असे म्हटले. मुद्दा कायद्याचा आहे. पण जी व्यवस्था माणसाला श्रद्धा आणि शिष्यवृत्ती यांतले एक निवडायला लावते, तिला काय म्हणायचे? बौद्धांनीही केंद्राच्या सवलतींवाचून १९५६ ते १९९० अशी चौतीस वर्षे काढली आणि तरी जनगणनेत 'बौद्ध' लिहिले, हा आमचा अभिमान आहे. तो रास्त आहे. मात्र आम्ही लाखोंनी एकत्र गेलो होतो आणि पुढे बाबासाहेब होते. ही बाई एकटी गेली आहे. तिच्याकडून तेवढ्याच धैर्याची अपेक्षा करणे हा अन्याय होईल.

आणि इथेच वाङ्मयाचा प्रश्न पुन्हा येतो. 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०) या आत्मकथनांनी मराठी साहित्य हादरले, कारण त्यांतल्या माणसांनी नाव, गाव, जात उघडपणे सांगितली. दलित आत्मकथन उभेच राहते ते नाव सांगण्याच्या धैर्यावर. जिच्या श्रद्धेचे नाव सांगताच लेकीचा दाखला धोक्यात येतो, तिने आत्मकथन लिहायचे कसे? दलित ख्रिस्ती साहित्याची धार जी क्षीण दिसते तिचे एक मोठे कारण मला प्रतिभेच्या अभावात दिसत नाही. ते या सक्तीच्या मौनात दिसते.

या मौनाची किंमत न्यायालयातही मोजावी लागली आहे. १९८५ च्या सूसाई प्रकरणात, धर्मांतरानंतरही तोच जाच तेवढ्याच तीव्रतेने सोसावा लागतो याचा पुरेसा पुरावा न्यायालयाला दिसला नाही. पुढे २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडू नये अशी शिफारस केली. ती बासनात गेली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला. आयोग पुरावे मागतात. ते कुठून येणार? नगर जिल्ह्यातल्या हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची मोठी यात्रा भरते. त्याच हरेगावात ऑगस्ट २०२३ मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले गेले. त्यांत दलित तरुण होते. यात्रेची आशा आणि न्यायाची आशा एकाच शिवारात आहेत, आणि त्यांना एकमेकींशी बोलते करणारे पुस्तक मराठीत अजून यायचे आहे. ते आले तर तो साहित्याचा ऐवज असेल आणि पुरावाही असेल.

म्हणून माझे मागणे तीन ठिकाणी आहे. ख्रिस्ती लेखकांनी टिळक-रमाबाईंच्या चरित्रातून बाहेर येऊन मिशनच्या आवारातल्या, पुढे आवाराबाहेर फेकल्या गेलेल्या आपल्या आजोबांविषयी लिहावे. चर्चने निर्गमाचे पुस्तक आणि गरिबांना सुवार्ता सांगणारा येशू मराठीत, मांगवाड्याच्या भाषेत आणावा. पापाच्या प्रवचनाने ऊसतोडणीची उचल फिटत नाही. आणि आपल्या चळवळीने, आपल्या नियतकालिकांनी, या माणसाला 'दुसरीकडे गेलेला' म्हणून परके मानणे थांबवावे. तो आपल्याच वाड्यातून गेला आहे, आणि ज्या गोष्टींसाठी आपण नागपूरला गेलो त्याच गोष्टींसाठी गेला आहे.

आशा सुटेना अन् देव भेटेना, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आशेला दोष देते. मला आशेचा दोष दिसत नाही. आशा कोणाजवळ ठेवली यापेक्षा ती ठेवल्यावर माणूस उठून उभा राहिला की वाट पाहत बसला, हीच तिची कसोटी आहे. ही कसोटी येशूच्या नावाने ठेवलेल्या आशेला लावावी. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या नावाने आपण आज जी आशा ठेवतो तिलाही, तेवढ्याच कठोरपणे, लावावी.